‘मला स्टेशन दिसले’ : कर्ता कोण?

“मला दापोडी स्टेशन दिसले.” या वाक्यातील कर्ता ओळखा.

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने खडकी सोडली, मुळा ओलांडली की दापोडी येते. खिडकीजवळ बसलेल्या मुलाने हे वाक्य सहज म्हणावे. पण तेच वाक्य व्याकरणाच्या तासाला फळ्यावर आले की अडचण सुरू होते. शाळेत आपण शिकवतो ती युक्ती अशी : क्रियापदाच्या धातूला ‘-णारा’ लावा आणि कोण किंवा काय असे विचारा. उत्तर येईल तो कर्ता. ‘दिसणारे काय?’ स्टेशन. म्हणून कर्ता स्टेशन. वर्गातले एखादे चौकस मूल लगेच विचारते, “पण स्टेशन तर नुसतेच उभे आहे. बघतोय तर मी!” उत्तरपत्रिकेत ‘मी’ लिहिले तर गुण जातो, आणि का गेला हे त्याला बहुधा कोणी सांगत नाही.

मुलाचा प्रश्न बरोबर आहे. पुस्तकातले उत्तरही चूक नाही. घोटाळा आहे तो ‘कर्ता’ या शब्दात. आपण या एका शब्दाकडून तीन वेगवेगळी कामे करून घेतो. एक, क्रिया कोण करतो किंवा अनुभवतो, हे सांगण्याचे. हे अर्थाचे काम झाले. दुसरे, क्रियापदाचे लिंग, वचन आणि पुरुष कोणाच्या तंत्राने चालतात हे सांगण्याचे. हे रूपाचे काम. आणि तिसरे, वाक्य कोणाविषयी बोलते आहे हे सांगण्याचे, म्हणजे वाक्यपृथक्करणात आपण ज्याला उद्देश्य म्हणतो ते. ‘मधू धावतो’ या वाक्यात तिन्ही कामे मधूच करतो, त्यामुळे काही खटकत नाही. ‘मला पूल दिसला, मला नदी दिसली, मला स्टेशन दिसले’ या वाक्यांत क्रियापद पुलाच्या, नदीच्या आणि स्टेशनच्या मागे जाते; बघणारा मात्र प्रत्येक वेळी ‘मी’च असतो. कामे वाटली गेली, की एका शब्दाने भागत नाही.

ही तीन कामे एका शब्दाच्या गळ्यात कशी पडली, याची कथा बरीच जुनी आहे.

पाणिनीने इसवी सनापूर्वीच्या पाचव्या-चौथ्या शतकाच्या सुमारास संस्कृतचे व्याकरण रचले, तेव्हा त्याने दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या. कारक म्हणजे क्रियेशी असलेले नाते आणि विभक्ती म्हणजे शब्दाला लागलेले रूप. कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान, अधिकरण ही सहा कारके. कर्त्याची त्याची कसोटी अशी, की क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र तो कर्ता. इथे रूपाचा उल्लेखही नाही. ‘रामः रावणं हन्ति’ आणि ‘रामेण रावणः हन्यते’ या दोन्ही वाक्यांत पाणिनीच्या मते कर्ता रामच आहे. पहिल्यात त्याला प्रथमा, दुसऱ्यात तृतीया, इतकाच फरक. इंग्रजी व्याकरणातला ‘सब्जेक्ट’ मात्र दुसऱ्या प्रकारच्या वाक्यात बदलतो. तिथे रावण सब्जेक्ट होतो. म्हणजे पाणिनीचा कर्ता आणि इंग्रजीचा सब्जेक्ट या दोन वेगळ्याच वस्तू आहेत. सब्जेक्टसाठी पाणिनीने संज्ञाच केलेली नाही, त्याला तिची गरज पडली नाही.

‘स्वतंत्र’ म्हणजे काय, यावर पुढे पतंजलीने महाभाष्यात मोठी मनोरंजक चर्चा केली आहे. उदाहरण स्वयंपाकघरातले. देवदत्त भात शिजवतो. पण संस्कृतात भांडे शिजवते, लाकडे शिजवतात असेही म्हणता येते. पतंजली म्हणतो त्याचा भाव असा : शिजवणे ही एक क्रिया दिसली तरी तिच्या पोटात अनेक छोट्या क्रिया आहेत. चुलीवर भांडे ठेवणे, पाणी ओतणे हे देवदत्ताचे शिजवणे; तांदूळ आत धरून ठेवणे हे भांड्याचे; जळत राहणे हे लाकडांचे. यांपैकी ज्याच्या वाट्याची क्रिया बोलणाऱ्याला पुढे आणायची असेल, तो कर्ता होतो. याला ‘विवक्षा’ म्हणतात, म्हणजे बोलणाऱ्याची सांगण्याची इच्छा. आपणही ‘हा सुरा छान कापतो’, ‘ही गिरणी बारीक दळते’ असे म्हणतोच. आवडणे, रुचणे अशा अर्थाच्या धातूंसाठी तर पाणिनीने वेगळा नियमच केला आहे : ज्याला आवडते तो संप्रदान, म्हणून त्याला चतुर्थी. ‘रामाला आंबा आवडतो’ हे वाक्य अडचणीचे आहे, हे इतके जुने ज्ञान आहे.

आता एकदम एकोणिसाव्या शतकात येऊ. विल्यम कॅरी याने श्रीरामपूर येथे १८०५ साली मराठीचे इंग्रजीतून व्याकरण प्रसिद्ध केले. मराठी मुलांना मराठीतून शिकवण्यासाठी ज्या व्याकरणाने खरा पाया घातला ते मात्र दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) यांचे, १८३६ सालचे. त्या वेळी दादोबांचे वय बावीस वर्षांचे होते. पुढे त्यांना ‘मराठीचे पाणिनी’ म्हणू लागले. गंमत अशी, की या मराठी पाणिनीने ग्रंथाची मांडणी करताना इंग्रजी व्याकरणाचा आराखडा डोळ्यांसमोर ठेवला होता आणि परिभाषा मात्र संस्कृतातून घेतली होती. त्यात त्यांचा दोष काढणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. नव्या सरकारी शाळा निघत होत्या, इंग्रजी व्याकरण शिकवले जात होते, मराठीचे पुस्तक तातडीने हवे होते. पण या सोयरिकीत ‘कर्ता’ या शब्दाला दोन घरची कामे आली. नाव पाणिनीच्या घरचे आणि बरीचशी कामे सब्जेक्टच्या घरची.

हे सगळ्यांत आधी बारकाईने तपासणाऱ्यांत कृष्णशास्त्री चिपळूणकर (१८२४–१८७८) होते. त्यांचे मराठी व्याकरणावरील निबंध ‘शालापत्रक’ या मासिकात आले आणि पुढे १८९३ साली पुस्तकरूपाने निघाले. शालापत्रक हे शिक्षकांसाठी चालणारे मासिक होते, हे इथे मुद्दाम सांगितले पाहिजे. मराठीतला कर्त्या-कर्माचा काथ्याकूट विद्यापीठात नव्हे, शिक्षकांच्या मासिकात वयात आला. नंतर मोरो केशव दामले यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा भला मोठा ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला. दामले हे कवी केशवसुतांचे धाकटे बंधू. आधीच्या व्याकरणकारांची मते समोर मांडायची, ती तपासायची आणि मग आपला निर्णय द्यायचा, ही त्यांची पद्धत. प्रयोगांचे प्रकरण तर एखाद्या खटल्यासारखे वाचावे. पुढे १९६४ साली अरविंद मंगरूळकरांनी ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ केला आणि संस्कृताच्या साच्यातून मराठी किती सोडवावी हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला.

एवढा वाद का व्हावा? कारण मराठीचा भूतकाळ. मराठी बोलणाऱ्याला त्यात काहीच विचित्र वाटत नाही, पण परक्याला घाम फुटतो. ‘ती पोळी खाते, ती आंबा खाते’ यात क्रियापद ‘ती’च्या मागे चालते. भूतकाळ आला की ‘तिने पोळी खाल्ली, तिने आंबा खाल्ला, तिने केळे खाल्ले’. क्रियापदाने मालक बदलला! खाणारी तीच, पण क्रियापद आता खाल्ल्या जाणाऱ्या वस्तूचे ऐकते. एरवी ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांवरून बोलणारा पुरुष की स्त्री ते कळते. ‘मी पोळी खाल्ली’ यावरून कळत नाही.

याचे कारण इतिहासात आहे. संस्कृतात ‘रामेण रावणः हतः’ अशी रचना होती : ‘रामाकडून रावण मारला गेलेला’. ‘हतः’ हे खरे तर विशेषणासारखे रूप आहे, म्हणून ते रावणाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. संस्कृतातले भूतकाळाचे मूळ प्रकार प्राकृतांत हळूहळू मागे पडले आणि ही विशेषणाची रचनाच सर्रास भूतकाळ म्हणून वापरात आली. तिला प्राकृतातला ‘-इल्ल’ जोडला गेला आणि मराठीचा ‘-ला, -ली, -ले’ तयार झाला. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच विद्वानाने मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात हा प्रवास तपशिलाने मांडला आहे. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी त्याचा मराठी अनुवाद १९४१ साली केला. जुन्या मराठीत ‘म्यां’, ‘त्वां’ अशी तृतीयेची रूपे होती, ‘म्यां पोथी वाचली’. पुढे ती गळून ‘मी’, ‘तू’ राहिले. कर्ता दिसायला प्रथमेत आला, पण क्रियापदाने जुनी सवय सोडली नाही. बंगालीने मात्र ती सोडली. तिथे ‘आमि भात खेलाम’ म्हणतात आणि त्यातला ‘-लाम’ हा ‘आमि’शी, म्हणजे ‘मी’शी जुळतो, भाताशी नाही.

मराठीने ‘तू’च्या बाबतीत तर दोन्ही दगडांवर पाय ठेवला आहे. ‘तू पोळी खाल्लीस, तू आंबा खाल्लास, तू केळे खाल्लेस.’ यातले ‘-ली-, -ला-, -ले-’ वस्तूचे आणि शेवटचा ‘स’ तुझा. एकाच क्रियापदाला दोन धनी. व्याकरणाच्या पुस्तकांत याला कर्तृ-कर्म संकर म्हणतात. ‘संकर’ हा शब्द मला फारसा पसंत नाही. त्यात काहीतरी भेसळ झाल्याचा सूर आहे; भाषेने मात्र इथे अगदी नेटका हिशेब ठेवला आहे.

म्हणूनच ‘तिने पत्र लिहिले’ या कर्मणी प्रयोगाचे इंग्रजी भाषांतर करताना कर्मणी म्हणजे ‘पॅसिव्ह’ असे समजू नये. जन्माने ही रचना तशी होती हे खरे. पण आज ती बोलणाऱ्याच्या मनात साधी कर्तरीच आहे. कर्त्याला झाकण्यासाठी कोणी ती वापरत नाही. झाकायचे असेल तर मराठीजवळ वेगळी साधने आहेत, त्यांकडे पुढे येऊ.

या नियमाला एक फटही आहे आणि ती मला फार आवडते. ‘तो गणित शिकला’, ‘ती धडा विसरली’, ‘तो दूध प्यायला’, ‘ती नऊवारी नेसली’. या सर्वांत कर्म आहे, काळ भूत आहे, तरी ‘ने’ नाही आणि क्रियापद कर्त्याचेच ऐकते. आता यांची प्रयोजक जोडी पाहा : ‘त्याने गणित शिकवले’, ‘तिने बाळाला दूध पाजले’, ‘आजीने नातीला नऊवारी नेसवली’. लगेच ‘ने’ हजर! शिकणे, विसरणे, पिणे, नेसणे या क्रियांचा परिणाम करणाऱ्यावरच होतो. शिकवणे, पाजणे, नेसवणे यांचा दुसऱ्यावर होतो. म्हणजे केवळ रूपाचा वाटणारा नियम आतून अर्थाने धरलेला आहे. ‘खाणे’, ‘ऐकणे’ या क्रियापदांनी मात्र ही शिस्त पाळलेली नाही, तिथे ‘ने’ येतोच. भाषा म्हटली की एवढे चालायचे. ‘म्हणणे’ दोन्ही बाजूंना आहे : ‘ती म्हणाली’, पण ‘तिने कविता म्हटली’.

मग मराठीत अर्थाने कर्ता कोण हे ओळखण्यासाठी क्रियापदाखेरीज काही खुणा आहेत का? आहेत. पहिली खूण ‘आपला’ या शब्दाची. ‘शिपायाने चोराला आपल्या घरी नेले.’ घर शिपायाचे. ‘सुमनला आपली वही सापडली.’ वही सुमनची. म्हणजे ‘आपली’ हा शब्द सुमनकडे बघतो, जरी ‘सापडणारी काय?’ या प्रश्नाचे उत्तर वही असले तरी. दुसरी खूण ‘-ऊन’ची. ‘तिला पत्र वाचून राग आला.’ आला तो राग, पण वाचणारी ती. ‘-ऊन’ने दाखवलेली क्रिया राग करत नाही! या दोन खुणा ‘ला’ लागलेल्या माणसाला कर्त्याचा मान देतात. चौकस मुलाला जे वाटले त्याला व्याकरणातच पुरावा आहे तो असा.

अशा खुणा गोळा करण्याचे काम एडवर्ड कीनन या अमेरिकी अभ्यासकाने १९७६ साली जगातल्या अनेक भाषांसाठी केले. सब्जेक्टची सुमारे तीस लक्षणे त्याने मांडली आणि दाखवले, की ती सगळी एकाच पदात असतीलच असे नाही. त्याच वर्षी ‘दक्षिण आशियाई भाषांतील कर्ता’ या विषयावरचा लेखसंग्रह मणींद्र वर्मा यांच्या संपादनाखाली अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे निघाला, आणि अनुभव घेणारा पण ‘ला’ लागलेला कर्ता हा भारतीय भाषांचा विशेष म्हणून गाजला. विशेष खरा, पण आपला एकट्याचा नाही. जुन्या इंग्रजीत ‘लाइक’ या क्रियापदाचा अर्थ ‘रुचणे’ असा होता. ‘राजाला नासपती आवडल्या’ अशीच त्यांची वाक्यरचना असे. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषापंडिताने हेच उदाहरण घेऊन पुढचा प्रवास समजावला. विभक्तीचे प्रत्यय झिजले, ‘राजाला’चे नुसते ‘राजा’ झाले, शब्द पहिला होताच, आणि बघता बघता राजा सब्जेक्ट झाला. मराठीत ‘ला’ झिजला नाही, म्हणून राजा अजून जिथल्या तिथे आहे.

अगदी उलटे टोक ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये सापडते. तिथल्या जिरबाल या आदिवासी भाषेचे आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी केलेले व्याकरण १९७२ साली निघाले. त्या भाषेत ‘आईने वडिलांना पाहिले आणि परत फिरले’ अशा धाटणीच्या वाक्यात परत फिरणारे कोण? वडील! ज्यांना पाहिले ते. मराठीचे भूतकाळातले ‘ने’ दिसायला या भाषेशी जुळते, पण ‘आईने वडिलांना पाहिले आणि घरात गेली’ म्हटले तर आपल्याकडे घरात आईच जाते. मराठीचा पोशाख तसा आहे, स्वभाव तसा नाही.

आता झाकण्याची साधने. दापोडीला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. तिथे शोभतील अशी काही वाक्ये घेऊ. ‘कामगाराने काच फोडली.’ ‘काच फुटली.’ ‘हातोड्याने काच फुटली.’ ‘माझ्या हातून काच फुटली.’ फोडणे-फुटणे, तोडणे-तुटणे, सोडणे-सुटणे, पाडणे-पडणे अशा जोड्या मराठीत भरपूर आहेत. एकीत करणारा लागतो, दुसरीत लागत नाही. वर्गात खिडकीची काच गेली की सगळी मुले ‘फुटली’ म्हणतात, ‘फोडली’ कोणी म्हणत नाही. इतके व्याकरण न शिकवता येते. ‘हातून’ तर मराठीची खास देणगी आहे. करणारा मी, हे कबूल. पण मुद्दाम नाही. अर्थाच्या भूमिकांमध्ये हेतू असलेला आणि हेतू नसलेला असा भेद करण्यासाठी भाषाशास्त्रज्ञांना परिच्छेद लिहावे लागतात, ते काम इथे एका शब्दात होते.

चार्ल्स फिलमोर याने १९६८ साली ज्या निबंधाने या विषयाला नवे वळण दिले, त्यातले नेहमी सांगितले जाणारे उदाहरण दार आणि किल्लीचे आहे. माणूस दार उघडतो, किल्ली दार उघडते, दार उघडते. इंग्रजीत तिघेही आळीपाळीने सब्जेक्टच्या जागी बसतात. रूपाच्या खाली अर्थाच्या भूमिका वेगळ्या मानल्या पाहिजेत, असे त्याने सांगितले. कारके आणि पतंजलीचे भांडे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात ओळखीचे काही दिसेल. मराठीत हेच उदाहरण आणखी गुंततात. ‘मधूने दार उघडले’, ‘किल्लीने दार उघडले’, ‘वाऱ्याने दार उघडले’. तिन्हीकडे ‘ने’. एक करणारा, एक साधन, एक निव्वळ कारण. संस्कृतातही कर्ता आणि करण या दोघांना तृतीयाच लागत असे, तो वारसा आपल्याकडे असा आला.

करणाऱ्याला पडद्याआड ठेवण्याची सरकारी रीत सर्वांच्या परिचयाची आहे : ‘कळविण्यात येते की’, ‘मार्ग बंद करण्यात आला आहे’. १८२८ पासून काही दशके मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यात दापोडीच्या बंगल्यात मुक्कामाला असत. शेजारी सरकारी वनस्पती-उद्यान होते. त्या काळातले राज्य इंग्रजी कागदांवर चाले आणि इंग्रजी हुकमांत हुकूम देणारा सहसा दिसत नाही. त्यांच्या मराठी भाषांतरांतून ‘-कडून मारला गेला’, ‘-कडून केले गेले’ ही रचना बळावली. व्याकरणकारांनी तिला ‘नवीन कर्मणी’ असे नावच दिले. ‘दापोडीच्या कार्यशाळेत गाड्या बांधल्या जातात’ या वाक्यात बांधणारे हजारो हात आहेत आणि एकही दिसत नाही.

दापोडीच्या आसपासच्या शाळांत कारखान्यांमुळे आणि लष्करी वसाहतींमुळे निरनिराळ्या भाषांच्या घरांतली मुले असतात. त्यांची मराठी ‘चूक’ ऐकली तर त्यामागची भाषा ऐकू येते. घरी हिंदी बोलणारे मूल ‘मीने पोळी खाल्ली’ म्हणते, कारण तिकडे ‘मैंने’ आहे. घरी कन्नड बोलणारे मूल ‘मी पोळी खाल्लो’ म्हणते, कारण कन्नडात भूतकाळातही क्रियापद ‘मी’चेच ऐकते. दोन्ही चुका वेगळ्या आहेत आणि दोघांना वेगळे समजवावे लागते. एकच लाल रेघ पुरत नाही. उलट भूक सगळ्यांची सारखी आहे. मराठीत ‘मला भूक लागली’, हिंदीत ‘मुझे भूख लगी’, कन्नडात ‘ननगे हसिवागिदे’, तेलुगूत ‘नाकु आकलि वेस्तोंदि’. चारही ठिकाणी भुकेला माणूस ‘ला’च्या रूपात. फळ्यावर ही चार वाक्ये एकाखाली एक लिहावीत आणि ‘ला’चे काम कोणता तुकडा करतो ते मुलांनाच शोधू द्यावे.

परीक्षेतला प्रश्न मात्र बदलता येण्याजोगा आहे. ‘कर्ता ओळखा’ ऐवजी दोन प्रश्न विचारावेत : क्रिया करणारा किंवा अनुभवणारा कोण? आणि क्रियापदाचे रूप कोणत्या शब्दाप्रमाणे चालले आहे? ‘मला स्टेशन दिसले’ याचे पहिले उत्तर ‘मी’, दुसरे ‘स्टेशन’, आणि दोन्हींना पूर्ण गुण. ‘आज लवकर उजाडले’ याला दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘कोणी नाही’ असे येते; त्यालाही गुण द्यावा. वरच्या वर्गात वेळ उरला तर ‘आजीला आता जिना चढवत नाही’ आणि ‘नातू आजीला जिना चढवत नाही’ ही दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहावीत. ‘चढवत नाही’ दोन्हीकडे तेच, आजीही दोन्हीकडे ‘ला’ घेऊन बसलेली. पहिल्यात तिच्या गुडघ्यांची तक्रार आहे, दुसऱ्यात नातवाची.